बरोबरचं चिन्ह चुकलं म्हणून अर्धा मार्क गेला

निळीशाई
नमस्कार मंडळी. लेक सहावीत आहे. परवाच्या चाचणीत गणित असं होतं: पाच डझन आंबे आणले, आठ खराब निघाले, उरलेले चार घरांत सारखे वाटले, तर प्रत्येक घराला किती? लेकीने एका ओळीत उरकलं:

१२ × ५ = ६० − ८ = ५२ ÷ ४ = १३

उत्तर तेरा. चोख. तरी शाळेतल्या बाईंनी पहिल्या दोन "=" भोवती लाल गोल काढले, अर्धा मार्क कापला आणि शेजारी लिहिलं, "हे बरोबर नाही." लेक रडकुंडीला आलेली. "बाबा, तेरा बरोबर आहे ना? मग बरोबर काय नाही?" मी वाणिज्य शाखेचा माणूस. दोनदा बघितलं, मला तरी कुठे चूक दिसेना.

धागा काढलाच आहे तर माझीही रड सांगतो. ऑफिसने विदा-विश्लेषणाचा (डेटा अ‍ॅनालिसिसचा) ऑनलाइन कोर्स करायला लावलाय. दुसऱ्याच धड्यात ∑, ∈, ∀ अशी पिलावळ अंगावर आली. व्हिडिओतला माणूस ती चिन्हं उच्चारतही नाही, नुसती काठी फिरवतो आणि पुढे जातो. ही भाषा वाचायची कशी, कुणी सांगेल का?

खडूफळा
मी एकतीस वर्षं गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. बाईंची बाजू घेतो, रागावू नका.

लेकीची ओळ मोठ्याने वाचा. "बारा गुणिले पाच बरोबर साठ वजा आठ." साठ आणि बावन्न बरोबर आहेत? पुढे, "साठ वजा आठ बरोबर बावन्न भागिले चार." म्हणजे बावन्न बरोबर तेरा! तिला म्हणायचं होतं "मग आले साठ, त्यातून आठ गेले, मग राहिले बावन्न". तिच्या लेखी "=" म्हणजे "मग आले". पोरांना पहिलीपासून तसंच दिसतं ना: डावीकडे काम, मध्ये दोन रेघा, उजवीकडे उत्तर. कॅल्क्युलेटरवरही ते बटण दाबलं की उत्तर पडतं.

गणितातलं "=" तराजूसारखं आहे. दोन्ही पारड्यांत एकच वजन, मग कुठलं पारडं आधी भरलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. लेकीला हे घाला:

८ + ४ = ☐ + ५

चौकटीत काय लिहिते ते कळवा. माझ्या वर्गात दरवर्षी अर्ध्याअधिक चौकटींत १२ असायचे.

बखरवाचक
खडूफळा सरांना जोड म्हणून. हे चिन्ह ज्याने काढलं त्याने कारणही लिहून ठेवलंय, हे फार कमी चिन्हांच्या नशिबी असतं. रॉबर्ट रेकॉर्ड हा वेल्सचा वैद्य आणि गणिती. १५५७ सालच्या पुस्तकात तो म्हणतो की "च्या बरोबर आहे" हे शब्द पुन्हा पुन्हा लिहायचा कंटाळा आला, म्हणून सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा वापरतो, कारण त्यांच्याइतक्या सारख्या दोन गोष्टी दुसऱ्या नसतील. त्याच्या रेघा आजच्यापेक्षा बऱ्याच लांब होत्या. पुढच्याच वर्षी बिचारा तुरुंगात वारला, आणि चिन्ह सर्वत्र रुळायला शंभरेक वर्षं लागली.

अधिक-वजा त्याहून जुने, १४८९ मध्ये लाइपझिगला छापलेल्या योहानेस विडमनच्या व्यापारी हिशेबाच्या पुस्तकात दिसतात. गुणिलेचं × विल्यम ऑट्रेडचं, १६३१. भागिलेचं ÷ योहान राहनचं, १६५९. आपण भूमितीत "म्हणून" साठी तीन टिंबं ∴ काढायचो, तीही त्याच राहनच्या पुस्तकातली.

कोडगा
मी धंद्याने प्रोग्रॅमर. लेकीची बाजू घेतो!

आमच्याकडे "=" चा अर्थ तीच म्हणते तो: "उजवीकडचं काढ आणि डावीकडे ठेव." आम्ही दिवसभर क्ष = क्ष + १ लिहितो. गणितात ही ओळ म्हणजे वेडेपणा, कुठलीच संख्या स्वतःहून एकने मोठी नसते. आमच्याकडे तिचा अर्थ क्ष नावाच्या डब्यात एक जास्तीचा टाक. तराजूवालं बरोबर हवं असेल तर सी ही संगणकाची भाषा आणि तिच्या लेकीबाळींत दोनदा लिहावं लागतं, ==. एकाच्या जागी दोन किंवा दोनाच्या जागी एक पडल्याने माझ्या कितीतरी रात्री गेल्या आहेत. पास्कल भाषावाल्यांनी शहाणपणा केला, "ठेव" साठी := असं वेगळं चिन्ह ठेवलं.

थोडक्यात, लेक चुकली नाही, ती चुकीच्या खात्यात बसली.

आजोळ
कोडगा, ":=" गणितवाले पण वापरतात ना, "याला आपण असं म्हणू" या अर्थी?

कोडगा
हो, व्याख्या करताना. "हे बरोबर आहे हे मी सिद्ध केलंय" आणि "हे बरोबर आहे असं मी ठरवलंय" या वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तकं बहुतेकदा दोन्हींना साधं = लावतात, आणि वाचणारा शोधत बसतो की हे सिद्ध कधी झालं!

निळीशाई
चौकटीचा निकाल. लेकीने १२ लिहिले. शेजारच्या आठवीतल्या मुलाने १७. सौ.ने "हा काय पोरकटपणा" म्हणत ७ लिहिले आणि कुकर बंद करायला गेल्या. मी काय लिहिलं ते विचारू नका.

मुखदुर्बळ
१७ कसे आले?

खडूफळा
८ + ४ + ५. दिसलं ते सगळं मिळवलं. तोही नेहमीचा गिऱ्हाईक.

एक गोष्ट आत्ता सुचली, कारण इतकी वर्षं मीही तसेच शेरे मारले. बाईंनी लिहिलं "हे बरोबर नाही". आपल्या भाषेत "बरोबर" तीन कामं करतो. उत्तर बरोबर, म्हणजे खरं. वजन बरोबर, म्हणजे सारखं. आणि "माझ्याबरोबर चल", म्हणजे सोबत. बाईंचं म्हणणं दुसऱ्या अर्थाने होतं, पोरीने घेतलं पहिल्या अर्थाने. तेरा बरोबरच आहे, फक्त साठ बावन्नाबरोबर नाहीत. शेऱ्यात "६० = ५२?" एवढंच लिहिलं असतं तर पोर रडली नसती. तीन ओळी करायच्या:

१२ × ५ = ६०
६० − ८ = ५२
५२ ÷ ४ = १३

कागद फुकट जात नाही हो.

ताळेबंद
चिन्हाला एकच अर्थ असावा असं वाटतं, पण तसं कुठे असतं? आमच्या धंद्यात कंसात (५,०००) लिहिलं की तोटा, वजाचं चिन्ह लावायचंच नाही. गणितात कंसातली पाच हजार ही सरळ पाच हजारच. आणि "द.सा.द.शे." (दर साल दर शेकडा) ही तर आपली स्वतःची लघुलिपी. नव्या मुलांना तिचा विस्तार करता येत नाही, व्याज मात्र काढतात.

शेकड्यावरून आठवलं, दर ८% वरून ९% झाला की "एक टक्क्याने वाढला" म्हणतात. वाढ एका टक्केबिंदूची आहे. आठावर एक म्हणजे साडेबारा टक्के. कर्ज घेणाऱ्याला दोन्ही वाक्यं सारखीच वाटतात, हप्ता बघेपर्यंत.

मुखदुर्बळ
आता माझा घोडा पुढे दामटतो. कुटुंबाच्या ग्रुपवर दर सहा महिन्यांनी हे येतं:

६ ÷ २(१ + २) = ?

मामा म्हणतात ९, काका म्हणतात १. गेल्या दिवाळीत दोघे त्यावरून दोन दिवस बोलत नव्हते. निकाल लावा.

कोडगा
९. कंस आधी, ३ आले. मग भागाकार-गुणाकार समान मानाचे, डावीकडून उजवीकडे. ६ ÷ २ = ३, ३ × ३ = ९.

आजोळ
थांबा. आम्हाला शाळेत "कंचेभागुबेव" शिकवलं होतं. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. त्यातलं "चे" गेलं कुठे? २(१ + २) म्हणजे "३ चे दुप्पट", ते भागाकाराच्या आधी. मग ६ ÷ ६ = १. काका बरोबर.

कोडगा
"चे" हे "१२ चे तीन चतुर्थांश" अशा वाक्यांसाठी आहे. कंसाला चिकटलेल्या आकड्यासाठी नाही.

आजोळ
कुणी सांगितलं? पुस्तकात चिकटलेला आकडा "चे" नाही असं कुठे लिहिलंय? ६ ÷ २क्ष लिहिलं तर तुम्ही ६ भागिले "दोन क्ष"च वाचाल ना? मी पैज लावते.

कोडगा
...वाचेन.

खडूफळा
आजोळ ताईंनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलं. चिकटलेला गुणाकार जास्त घट्ट धरायचा की साध्या × इतकाच, यावर जगात एकमत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅल्क्युलेटरसुद्धा यावर भांडतात, एक ९ देतो, दुसरा १. मामाही चुकले नाहीत, काकाही नाहीत. ज्याने प्रश्न लिहिला तो चुकला. आडवी रेघ मारून खाली-वर लिहिलं असतं तर भांडण उरलंच नसतं. ÷ हे चिन्ह भागाकारासाठी वापरू नये असं आयएसओ ८००००-२ या प्रमाणकातही सांगितलंय. प्राथमिक शाळा आणि कॅल्क्युलेटरचं बटण सोडलं तर गणितवाले ते वापरतही नाहीत.

मुखदुर्बळ
"ज्याने लिहिला तो चुकला" हे ग्रुपवर टाकलं. आता मामा आणि काका दोघे मिळून माझ्यावर उखडलेत. निदान समेट झाला.

राईनकाठी
जर्मनीतून बोलते आहे. माझ्या मुलाच्या दुसरीच्या वहीत ६ : २ = ३ असं असतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, एवढ्याशा पोरांना गुणोत्तर शिकवतात? तर इथे भागाकाराचं चिन्हच : हे आहे, जर्मन गणिती लाइब्नित्सची देणगी. गुणाकाराला मधोमध टिंब, ६ · २. लाइब्नित्सला × आवडत नव्हतं, अज्ञात संख्येच्या अक्षरासारखं दिसतं म्हणून. १६९८ मध्ये योहान बेर्नुली या गणित्याला पत्रात त्याने तसं कळवलंय.

खरी गंमत स्वल्पविरामाची. इथे ३,१४ म्हणजे आपलं ३.१४, आणि १.५०० म्हणजे दीड हजार. नवीन आले तेव्हा घराच्या भाड्याची पाटी बघून "दीड युरो?" असा क्षणभर आनंद झाला होता. उलट आईला व्हिडिओ कॉलवर १,००,००० दाखवलं की इथल्या मैत्रिणी विचारतात, हे स्वल्पविराम असे वाकडे का पडलेत? शेजारच्या डेन्मार्क-नॉर्वेत तर ÷ हे चिन्ह पूर्वीपासून वजा या अर्थी वापरायचे, अजूनही कुठे कुठे दिसतं. म्हणजे तिथे ६ ÷ २ वाचून कुणी ४ म्हणाला तर भांडू नका.

बखरवाचक
राईनकाठी, मग तुम्हाला हे आवडेल. बख्शाली हस्तलिखित हे गणिताचं जुनं बाड, १८८१ साली पेशावरजवळ सापडलं, आता ऑक्सफर्डला आहे. त्यात संख्येच्या पुढे + असं चिन्ह आहे आणि त्याचा अर्थ ऋण! बेरजेसाठी "यु" लिहिलंय, युत म्हणजे जोडलेलं, त्यातला.

आणि आपल्या भास्कराचार्यांकडे "=" नव्हतंच. त्यांच्या "बीजगणित" ग्रंथातलं एक उदाहरण बघा. एकाकडे ३०० रुपये आणि ६ घोडे. दुसऱ्याकडे १० घोडे, पण १०० रुपयांचं कर्ज. दोघांची मालमत्ता सारखी, तर घोड्याची किंमत किती? मांडणी अशी:

या ६ रू ३००
या १० रू १००

दुसऱ्या ओळीतल्या १०० च्या डोक्यावर टिंब, म्हणजे ऋण. "या" म्हणजे यावत्तावत्, आपला क्ष. "रू" म्हणजे रूप, नुसती संख्या. दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या की त्या समान, हे गृहीत. मधे चिन्हच नाही. अज्ञात जास्त असले तर या, मग का, नी, पी, लो: कालक, नीलक, पीतक, लोहितक. रंगांची नावं! घोडा १०० रुपयांना पडतो, ताळा करून बघा.

भास्कराचार्य जन्मले १११४ मध्ये, ग्रंथ ११५० चा. चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेलात तर त्यांच्या नातवाचा शिलालेख आहे, देवळापलीकडे फारसं कुणी वळत नाही.

कोडगा
६ × १०० + ३०० = ९००. १० × १०० − १०० = ९००. पटलं. आणि चल राशींना रंगांची नावं द्यायची कल्पना मी उद्याच ऑफिसात चोरणार.

मुखदुर्बळ
म्हणजे सगळं आपल्याकडे आधीच होतं तर!

बखरवाचक
विचार होता. चिन्हांपैकी बरीच त्यांची. "समीकरण" या शब्दात समान करणं आहे, पण दोन रेघा रेकॉर्डच्याच. दोन्ही मान्य करायला काय हरकत आहे?

आजोळ
चिन्हांचा विषय निघालाच आहे तर आमच्या घरचा किस्सा. आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या मी संगणकावर चढवत होते. एका पानावर "तांदूळ ३॥ पायली". मी भराभर टाइप करत सुटले, एक्सेलमध्ये ३११ पायली तांदूळ जमा झाले. बेरीज बघून बाबा म्हणाले, आपण काय संस्थानिक होतो का?

एक दांडा म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १। सव्वा, १॥ दीड, २॥ अडीच, ४॥। पावणेपाच. बाबांना पावकी-निमकी-पाउणकी अजून पाठ आहे, त्यामुळे ते वही नुसती वाचत जातात. मला प्रत्येक दांडा मोजावा लागतो. पुढच्या पानावर शाई पसरून दोन दांड्यांचा एक झालेला, तिथे आजोबांनी शेजारी अक्षरात "साडे" लिहून ठेवलंय. त्यांनाही भरवसा नव्हता म्हणायचा.

खडूफळा
फार सुंदर. यातून एक मुद्दा निघतो, तो शिक्षकही सहसा बोलून दाखवत नाहीत. ३॥ मध्ये तीन आणि अर्धा शेजारी ठेवले, चिन्ह काही नाही, अर्थ बेरीज. ३ ½ मध्येही तेच. पण ३क्ष मध्ये शेजारी ठेवले की गुणाकार. आणि ३५ मध्ये शेजारी ठेवले की तीस आणि पाच. शेजार एकच, अर्थ तीन! सातवीतलं पोर क्ष = ५ असताना ३क्ष ची किंमत ३५ लिहितं तेव्हा आपण त्याला ढ म्हणतो. त्याने दुसऱ्या इयत्तेचा नियम वापरलेला असतो.

कोडगा
अवांतर, पण वजाचंही असंच. ७ − ३ मध्ये ते क्रिया आहे, −३ मध्ये नावाचा भाग आहे, −क्ष मध्ये "याच्या विरुद्ध". −क्ष ऋणच असतो असं समजणारे इंजिनिअर मी पाहिलेत, क्ष स्वतः −५ असला तर? आणि −३² किती? गणितात −९, कारण आधी वर्ग, मग वजा. एक्सेलमध्ये =-३^२ टाकून बघा, ९ येतात. तिथे वजा आधी चिकटतो. हिशेबाच्या फायलीत असा एक सूत्रातला घोळ आम्हाला चार दिवसांनी सापडला.

ताळेबंद
चारच दिवस? नशीबवान आहात.

निळीशाई
चर्चा झकास, पण माझ्या ∑ चं काय? उद्या परीक्षा आहे कोर्सची.

चरवी
मी सांगतो. गावच्या दूध संस्थेत लिखापढी करतो, ∑ रोजच काढतो, नाव माहीत नव्हतं.

गवळ्याचं कार्ड घ्या. तीन दिवसांचं दूध ८, ७, ९ लिटर. फॅटप्रमाणे दर ३५, ३६, ३५. बिल काढायचं तर रोजचे लिटर गुणिले त्या दिवसाचा दर, आणि सगळ्यांची बेरीज. २८० + २५२ + ३१५ = ८४७. तुमचं चिन्ह एवढंच म्हणतं. ∑ च्या खाली लिहितात "दिवस = १", वर लिहितात "३". पहिल्या दिवसापासून तिसऱ्यापर्यंत पुढचं काम करत जा आणि बेरजेत टाकत जा. उजवीकडे जे लिहिलंय ते एका दिवसाचं काम.

चूक कुठे होते तेही सांगतो. नवीन पोरगा आला होता, त्याने दराची सरासरी काढली, १०६ ला ३ ने भागून ३५.३३, आणि एकूण २४ लिटरने गुणलं. आले ८४८. एक रुपया जास्त. गवळी खूश, पण दोनशे कार्डांवर असं झालं तर संस्था रडते. गुणाकारांची बेरीज आणि बेरजांचा गुणाकार एक नाही. कंस कुठे आहे ते बघायचं.

निळीशाई
चरवी, साष्टांग नमस्कार. व्हिडिओतल्या माणसाने चाळीस मिनिटं घेतली होती.

बखरवाचक
∑ हा ग्रीक "स" आहे, बेरजेच्या लॅटिन शब्दातला. ऑयलर या गणित्याने १७५५ मध्ये रूढ केला. आणि तो ∫ सापासारखा दिसतो ना, तोही "स"च, जुन्या लिखाणातला लांब स. लाइब्नित्सने २९ ऑक्टोबर १६७५ रोजी आपल्या टिपणांत पहिल्यांदा लिहिला. सुट्या वस्तूंची बेरीज पहिल्याने, सलग वाहणाऱ्याची दुसऱ्याने. चरवीच्या भाषेत सांगायचं तर, दिवसाचं कॅन मोजायचं तर ∑, नळीतून वाहणारं दूध मोजायचं तर ∫.

कोडगा
उरलेली मी उरकतो. ∈ म्हणजे "त्यातला एक". "३ ∈ विषम संख्या" वाचायचं "तीन ही विषम संख्यांपैकी एक". इटलीच्या पेआनो या गणित्याने १८८९ मध्ये काढलं. ∅ म्हणजे रिकामा संच. आपल्याकडे सगळे त्याला फाय म्हणतात, पण तो ग्रीक फाय नव्हे, नॉर्वेच्या वर्णमालेतलं अक्षर आहे. फ्रेंच गणिती आंद्रे वेलने सुचवलं होतं.

∀ म्हणजे "प्रत्येक", ∃ म्हणजे "असा एक तरी आहे". इथे क्रम सांभाळा. "प्रत्येक कुलपासाठी अशी एक किल्ली आहे की ती त्याला लागते": ∀ आधी, ∃ नंतर. साधी गोष्ट, दुकानात मिळते. क्रम उलटा करा: "अशी एक किल्ली आहे की ती प्रत्येक कुलपाला लागते." आता पोलिसांना बोलवा. चिन्हं तीच, फक्त जागा बदलली.

मुखदुर्बळ
+१

खडूफळा
हेही बघा, "+१" ला इथे सगळे "सहमत" वाचतात, कुणी बेरीज करत बसत नाही.

निळीशाई
परीक्षा पार पडली, ∑ चा प्रश्न दुधाच्या कार्डावर सुटला. लेकीने आंब्याचं गणित तीन ओळींत लिहून बाईंना दाखवलं. बाई छान म्हणाल्या, अर्धा मार्क काही परत दिला नाही.

आज मंडईतून आलो. मी पाकिटाच्या पाठीवर हिशेब केला होता, तो तिच्या हातात पडला: ४० + ३० = ७० + २५ = ९५ + ६० = १५५. लाल पेनाने पहिल्या दोन "=" भोवती गोल काढून पाकीट माझ्यासमोर ठेवलं. खाली शेरा: "७० = ९५?"

खडूफळा
पाकिटावर चालतं म्हणावं तिला.

निळीशाई
सांगितलं. म्हणाली, मग माझ्या पेपरातही पाकीट असतं तर?